न बुडालेल्या गाडीचा दाखला

बान दोक-सू यांच्या गाडीत बसायचं तर बूट काढून बसावं लागे. तशी पाटी त्यांनी लावली नव्हती. पाटी लावणं त्यांना असभ्य वाटे. ते फक्त दार उघडून पाहुण्याच्या पायांकडे बघत उभे राहत. चॉन्ग्जू शहरातल्या त्यांच्या सोसायटीत त्यांनी ज्याला ज्याला म्हणून कधी गाडीतून सोडलं होतं, तो प्रत्येक माणूस आपले बूट मांडीवर घेऊन बसला होता. बुटांसाठी कागदी पिशवी ते स्वतः देत. उतरताना ती परतही घेत.

अशी ही गाडी विकायची वेळ आली ती मुलीमुळे. सुल्गीच्या नवऱ्याची परदेशात बदली झाली आणि जाताना तिने आपली जवळजवळ नवी गाडी आईवडिलांच्या दारात आणून लावली. सोसायटीत घरटी एकच गाडी लावायची असा नियम. बान साहेबांना महिनाअखेरपर्यंत सवलत मिळाली. त्यानंतर जास्तीच्या गाडीच्या समोरच्या काचेवर वॉचमन एक कागद चिकटवणार होता. त्या कागदाचा गोंद कसा असतो हे कोरियातल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. कागद खरवडून निघतो. गोंद मात्र गाडी भंगारात जाईपर्यंत साथ देतो. बान साहेब त्या गोंदाच्या विचाराने रात्री दचकून उठू लागले.

आधी ते सरळमार्गाने जुन्या गाड्यांच्या बाजारात गेले होते. तिथल्या दलालाने गाडीच्या टपावर टिचकी मारली, आत डोकावलाही नाही, आणि म्हणाला, "सर, अकरा वर्षांची गाडी म्हणजे अकरा वर्षांची गाडी. जपली काय नि न जपली काय, भाव तोच."

हे त्यांच्या जिव्हारी लागलं. गाडीला त्यांनी कधी उन्हात ठेवलं नव्हतं, पावसात शक्यतो काढलं नव्हतं, समुद्रावर तर नेलंच नव्हतं. खारं वारं पत्र्याला खातं आणि वाळू कुठे कुठे शिरते ते सांगता येत नाही. कारखान्यातून येताना सीटवर आणि दारांना आतून जे प्लॅस्टिक होतं ते अजून जागेवर होतं. दारं कशाला घासू नयेत म्हणून बाहेरून लावलेले निळे स्पंजाचे तुकडेही तसेच होते. पैसे त्यांना हवेच होते, ते कोणाला नको असतात? पण त्याहून जास्त त्यांना एक माणूस हवा होता, जो गाडीभोवती एक चक्कर मारील आणि म्हणेल, 'फार जपलीत हो गाडी.' एवढं म्हणणाऱ्याला किमतीत सूट द्यायचं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. बायकोला मात्र यातलं काही सांगितलं नाही.

जाहिरात त्यांनीच लिहिली. 'एकच मालक. सरकारी खात्यातून निवृत्त. गाडीत कोणीही कधीही सिगारेट ओढलेली नाही, काही खाल्लेलं नाही, भांडलेलं नाही.'

"शेवटचं काढा," त्यांची बायको मीरान म्हणाली. "खोटं आहे."

"आपण गाडीत कधी भांडलो?"

"आवाज न करता भांडलो."

ते वाक्य काढलं आणि जाहिरात फोनवरून लोकांसमोर गेली.

चौथ्या मजल्यावरच्या हाम साहेबांना याचा सुगावा लागला. हाम साहेबांकडे स्वतःची गाडी कधीच नव्हती, त्यामुळे त्यांना गाड्यांमधलं सगळं कळत असे. फोनवर गाड्यांचे व्हिडिओ बघणं हाच त्यांचा निवृत्तीनंतरचा उद्योग होता. ते सपाता घालून खाली आले, हात पाठीशी बांधून गाडीभोवती फिरले आणि बान साहेबांचा जीव कानात गोळा झाला.

"हे प्लॅस्टिक काय म्हणून ठेवलंय?" हाम साहेब म्हणाले.

"ठेवलंय म्हणजे? जसं आलं तसं आहे."

"तेच तर! गिऱ्हाइकाला वाटणार, खाली काहीतरी दडवलंय. मीच घेत असतो तर मला वाटलं असतं."

हाम साहेब घेत नव्हते. तरीही दोघांनी मिळून एक अख्खी दुपार प्लॅस्टिक सोललं. मग निळे स्पंज काढले. आणि मग दोघेही दोन पावलं मागे सरले. स्पंजाखालचा रंग शोरूममधून आल्यासारखा पांढराशुभ्र होता, आणि बाकीचं दार, अकरा वर्षं रोज पुसूनसुद्धा, दुधात चहाचा थेंब पडावा तसं झालं होतं. प्रत्येक दारावर एक लख्ख चौकोन उमटला होता. आत सीटचंही तेच. प्लॅस्टिक जिथे फाटलं होतं तिथे सीट म्हातारी, बाकी तरुण.

"हं," हाम साहेब म्हणाले. "आता हे मात्र संशयास्पद दिसतंय."

स्पंज परत लावायचे तर त्यांचा गोंद गेला होता.

"ते जाऊ द्या," हाम साहेब म्हणाले. "खरी परीक्षा बेल्टची. दिवस पावसाचे. दरवर्षी पुरात गाड्या बुडतात, धुऊनपुसून बाजारात येतात. म्हणून गिऱ्हाईक आल्या आल्या सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघतं. वरचं कोणीही धुतो, पण आत गुंडाळलेल्या टोकाला गाळ राहतो. गाळ दिसला की संपलं."

बान साहेबांनी स्वतःचा बेल्ट ओढला. गाळ नव्हता. पण खांद्याशी एक पिवळसर पट्टा होता.

"हा बघा गाळ!"

"घाम आहे तो. माझा."

"ते तुम्हाला ठाऊक, मला ठाऊक. गिऱ्हाइकाला काय वास घेऊन बघ म्हणणार?"

झालं. दुसऱ्या दिवशी बान साहेबांनी गॅरेजमध्ये जाऊन पाचही बेल्ट नवे घालून घेतले. गॅरेजवाला म्हणाला, "तुटले का?" ते म्हणाले, "नाही." त्याने पुढे विचारलं नाही, पण बिल देताना त्यांच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. मग आतून गाडी स्वच्छ हवी म्हणून त्यांनी गालिचे, कोपरे, सीटांच्या फटी सगळं साबणाच्या पाण्याने घासून काढलं. पावसाळ्याच्या ऐन मध्यावर गाडी आतून धुणाऱ्या माणसाला काय म्हणावं हा प्रश्न आहे. मीरानने म्हणून बघितलं, पण त्यांना ऐकू गेलं नाही.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे एक चष्मिष्ट तरुण. नाव कू. तो टॉर्च घेऊन आला आणि न सांगता बूट काढून आत बसला, तेव्हा बान साहेबांना तो जावई म्हणून आवडला असता. त्याने इंजिन बघितलं, चाकं बघितली. मग बेल्ट हळूच, शेवटपर्यंत ओढला. टोकाला शिवलेली कापडी पट्टी उजेडात धरली.

"काका, गाडी अकरा वर्षांची, आणि बेल्ट यंदाचे?"

"नवे घातले."

"पाचही?"

"पाचही."

"का?"

"जुन्यांवर डाग होते."

"कसले डाग?"

आता परक्या तरुण मुलासमोर 'माझ्या मानेचा घाम' असं सांगायचं? बान साहेब पाणीपुरवठा खात्यातून उपविभागप्रमुख म्हणून निवृत्त झाले होते. माणसाला काही पायरी असते. त्यांनी घसा साफ केला.

"पाण्याचे," ते म्हणाले.

तरुणाने डिकी उघडायला सांगितली. डिकी हा बान साहेबांचा अभिमान. तिथे फक्त एक छत्री आणि घडी घातलेला एक टॉवेल. कोणाची साठी असो, कुठल्या कचेरीचा समारंभ असो, नाव छापलेला टॉवेल हातात पडतोच. घरोघर असले टॉवेल जन्मभर पुरतात. हा टॉवेल बान साहेबांना नोकरीत मिळाला होता. तरुणाने वाकून तो मोठ्याने वाचला.

"'पूरग्रस्त भाग स्वच्छता मोहीम, स्मरणार्थ.'"

मग तरुणाने कमरेत वाकून अतिशय नम्र नमस्कार केला आणि तो बूट हातात घेऊनच निघून गेला. गेटच्या बाहेर जाऊन त्याने ते घातले.

संध्याकाळपर्यंत बातमी सोसायटीभर झाली. कशी झाली, हे विचारायचं कारण नव्हतं. हाम साहेब गॅलरीतून सगळं बघत होते. सोसायटीच्या महिला मंडळाच्या अध्यक्षा जिन बाई एक मोठं कलिंगड घेऊन दारात हजर झाल्या.

"बान साहेब, गाडी पुरात गेली आणि आम्हाला एका शब्दाने कळवलं नाही? मंडळातर्फे भेटायला आलो असतो!"

"पुरात गेलेली नाही."

"असू दे, असू दे. मनाला लावून घेऊ नका. माणसं सुखरूप आहेत ना?"

कलिंगड परत घ्यायला त्या तयार होईनात. मीरानने ते कापलं आणि चांगलं निघालं असं सांगितलं. बान साहेबांनी एकही फोड खाल्ली नाही. न बुडालेल्या गाडीच्या सांत्वनाचं कलिंगड त्यांच्या घशाखाली उतरेना.

दुसऱ्या दिवशी ते टाय बांधून सरकारी कचेरीत गेले. खिडकीमागे एक तरुण बाई बसली होती.

"गाडी पुरात बुडालेली नाही असा दाखला हवाय."

"बुडाली का गाडी?"

"नाही."

"मग काय लिहू?"

"बुडालेली नाही, असं लिहा."

"साहेब, आमच्याकडे बुडालेल्यांची नोंद असते." ती मागच्या खिडकीतून रस्त्यावरच्या रहदारीकडे बघत म्हणाली, "न बुडालेल्यांची ठेवायची तर जागा कुठे आहे?"

"मग नोंद नाही, असं तरी लिहून द्या."

"नोंद नाही म्हणजे बुडाली नाही असं नाही. बुडाली असेल नि तुम्ही सांगितलं नसेल." मग तिला त्यांची दया आली असावी. "असं करा. कुठे बुडाली नाही ते सांगा. ते ठिकाण ज्या कचेरीत येतं तिथून, तिथे त्या तारखेला बुडाली नाही असं काही मिळतं का ते मी विचारून बघते."

बान साहेब खिडकीपासून दूर झाले. खरा त्रास उत्तराचा नव्हता. नोकरीत असताना लोकांना अशीच उत्तरं त्यांनी स्वतः दिली होती आणि ती नियमाला धरून होती. हेही उत्तर नियमाला धरून होतं, आणि ते बाहेरून ऐकताना कसं लागतं हे त्यांना आजच कळत होतं.

दरम्यान गाडीला वास येऊ लागला. आधी ओलसर, मग कुबट, मग त्यात काहीतरी तिसरंच. दुसरं गिऱ्हाईक आपल्या मेहुण्याला घेऊन आलं. मेहुण्याने दार उघडलं, नाक आत घातलं आणि बाहेर काढलं.

"मासळी," तो म्हणाला. "ही गाडी समुद्रात बुडाली होती."

"आपल्या प्रांताला समुद्रच नाही!" बान साहेब ओरडले.

"म्हणून तर इथे आणून विकताय."

ते दोघे गेल्यावर बान साहेबांनी सगळी गाडी उलथीपालथी केली. मागची सीट उचलली तेव्हा खाली, पांढऱ्या सुताने गच्च गुंडाळलेला एक अख्खा मासा सापडला. तो मुळात सुकवलेला होता. साबणाचं पाणी पिऊन तो चांगला फुगला होता आणि तोंड उघडं टाकून बान साहेबांकडे बघत होता.

नवी गाडी आली तेव्हा सासूबाईंनी रीतसर पूजा घातली होती. चाकांवर तांदळाची दारू ओतली, डुकराच्या मुंडक्यापुढे जावयाला वाकायला लावलं, आणि अपघात होऊ नये म्हणून सूत गुंडाळलेला सुका मासा गाडीत ठेवला. त्याच दिवशी बान साहेब बायकोच्या कानात कुजबुजले होते, की वास लागायच्या आत तो काढून टाक.

"मी सांगितलं होतं ना, काढ म्हणून?" त्यांनी मासा हातभर लांब धरून विचारलं.

"आईने ठेवलेला कोण काढतं?" मीरान म्हणाली. "आणि अकरा वर्षांत एक तरी ओरखडा आला का गाडीला?"

"तो मी जपली म्हणून नाही आला!"

"असेल," मीरान म्हणाली. सासूबाईंना जाऊन आता चार वर्षं झाली होती. तिने मासा त्यांच्या हातातून घेतला, गॅलरीत दोरीवर टांगला, आणि ओढ्याकडून वारा येतो त्या बाजूला त्याचं तोंड केलं. इतकी वर्षं जे श्रेय ते एकटे घेत होते त्यात आता एक वाटेकरी निघाला होता, आणि तो गॅलरीत लटकत होता.

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. पाऊस कोसळत होता. वॉचमन सकाळीच येऊन म्हणाला, "सर, राग मानू नका, पण उद्या सकाळी मला चिकटवावं लागेल." त्याच्या हातात कागद आणि गोंदाचा डबा होता. बान साहेबांनी डब्याकडे बघणं टाळलं. संध्याकाळपर्यंत कोणी आलं नाही तर त्या दलालाला फोन करायचा असं त्यांनी ठरवलं. त्या विचारानेच त्यांना रडू आल्यासारखं झालं, आणि या वयात गाडीसाठी रडू यावं याची त्यांना लाजही वाटली.

दुपारी गाडी बघायला यॉनजू नावाची बाई आली. बाजारात तिचं किमची, लोणची, भाज्यांचं दुकान होतं. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, अंगाला लसणाचा वास, आवाज रस्त्यापलीकडे जाईल असा. तिने गाडीभोवती चक्कर मारली नाही. सरळ डिकी उघडली आणि हाताने माप घेतलं.

"शेठ, किमचीचे डबे मावतील ना इथे? मोठे हां, झाकणाचे."

बान साहेबांच्या डोळ्यांपुढे लाल मसाल्याचं पाणी डिकीच्या कोपऱ्याकोपऱ्यांत झिरपू लागलं. "मावतील," ते कसंबसं म्हणाले.

तिने बेल्ट ओढला. दारावरचे लख्ख चौकोन बघितले. नाक वर करून वास घेतला.

"खरं सांगा शेठ. बुडाली होती ना?"

मग बान साहेब बोलायला लागले. बेल्ट का बदलले, चौकोन का उमटले, टॉवेल कुठला, मासा कोणाचा, कचेरीत दाखला का मिळत नाही. घामाचंसुद्धा सांगितलं. बोलता बोलता त्यांचा आवाज चढत गेला आणि यॉनजू एक-एक पाऊल मागे जात छत्री उघडू लागली. एवढा खुलासा तिने आयुष्यात फक्त नासलेले मासे विकणाऱ्यांकडून ऐकला होता.

तेवढ्यात मीरान खाली आली. तिच्या हातात उकडलेल्या कणसांची वाफाळती पिशवी होती. पावसात आलेल्या बाईला काहीतरी गरम द्यावं म्हणून आणलेली.

"ताई," यॉनजू म्हणाली, "तुम्हीच सांगा. काय लफडं आहे या गाडीचं?"

"लफडं?" मीरान म्हणाली. "लफडं काय ते मी सांगते. हे कणीस बघतेस? अकरा वर्षांत या गाडीत मी एक कणीस खाल्लं नाही. एक दाणा नाही! हायवेवर थांबलो की अक्रोडाचे गरम केक घ्यायचे आणि थंडीवाऱ्यात बाहेर उभं राहून खायचे. का, तर चुरा पडेल. हे आत बसायचे, काच वर करून, आणि मी बाहेर. लोकांना वाटायचं नवऱ्याने हाकललीय. समुद्र बघितला नाही. का, तर वाळू! बूट मांडीवर घेऊन बसायचं. नातवाला घेतलं तर त्याला आधी टॉवेलात गुंडाळायचं. आणि माझ्या आईचं वर्षश्राद्ध होतं ना, त्या दिवशी पाऊस होता, म्हणून आम्ही बसने गेलो. श्राद्धाचं सगळं सामान हातात घेऊन, दोन बस बदलून. गाडी इथे खाली कोरडी उभी होती. ही बुडाली म्हणतेस? अगं, हिला पावसाचं पाणी माहीत नाही!"

ती थांबली. एवढं सगळं बोलायचं तिच्या मनात नव्हतं. वॉचमन आपल्या केबिनच्या दारात येऊन उभा होता, आणि हाम साहेब गॅलरीत अर्धे बाहेर आले होते.

यॉनजूने छत्री मिटली.

"घेतली," ती म्हणाली. "शेठ, इतके दाखले दाखवलेत, हा का नाही आधी दाखवलात?" मग ती मीरानकडे वळली, आणि तिचा तो रस्त्यापलीकडे जाणारा आवाज एकदम खाली आला. "फार जपलीत हो ताई तुम्ही गाडी."

बान साहेबांचं तोंड उघडं राहिलं. हेच ते वाक्य. अगदी याच शब्दांत ते त्यांनी कितीदा मनात ऐकलं होतं. आपण मध्ये पडून काही सुधारणा सुचवावी असं त्यांना वाटलं. रोज पुसलं कोणी, मेण कोणी लावलं, हे सांगता आलं असतं. पण त्यांना त्या दिवशीची बस आठवली, ओल्या पिशव्या, आणि पूर्ण रस्ताभर काही न बोललेली मीरान. त्यांना फार वाईट वाटलं.

"हो," ते म्हणाले. "हिनेच जपली."

मीरानने त्यांच्याकडे बघितलं आणि कणसाची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

त्यांनी ठरवल्याप्रमाणे किमतीत सूट दिली. वाक्य म्हटलं गेलं होतं. ते कोणाला म्हटलं जावं हे काही त्यांनी ठरवलेलं नव्हतं. यॉनजू आधीच पटली असताना त्यांनी स्वतःहून भाव का उतरवला हे हाम साहेबांना शेवटपर्यंत कळलं नाही, आणि कळत नाही म्हणून ते आठवडाभर बेचैन होते.

यॉनजू गाडीत बसायला निघाली तेव्हा बान साहेब सवयीने दार उघडून तिच्या रबरी बुटांकडे बघत उभे राहिले.

"काय झालं शेठ?"

"काही नाही. बसा."

चिखलाचे बूट आत गेले. मीरानने दिलेलं कणीस तिने गेटपाशी पोचायच्या आतच खायला सुरुवात केली होती.

दुसऱ्या दिवशी पाऊस ओसरला. मासा वाळला होता. मीरानने त्याला नवं सूत गुंडाळून सुल्गीच्या गाडीत, सीटखाली ठेवला, आणि बान साहेबांनी तो कुठे ठेवला ते बघून न बघितल्यासारखं केलं. "चल," ते म्हणाले, "समुद्रावर जाऊन येऊ." मीरानने त्यांच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघितलं, मग उरलेली कणसं पिशवीत भरली.

ती गाडीत बसली. बसता बसता तिने चपला काढल्या, एकीवर एक ठेवून मांडीवर घेतल्या आणि पदर सारखा करावा तशा सहज हाताने नीट धरल्या. आपण काय केलं हे तिच्या लक्षातही आलं नव्हतं.

बान साहेब दार धरून उभे होते. ते वाकले, तिच्या मांडीवरच्या चपला उचलल्या आणि तिच्या पायांपाशी, नव्या गालिच्यावर ठेवल्या.

"घाल," ते म्हणाले.

"ओल्या आहेत हो."

"असू देत."